रेंज नसलेल्या लाईनसाठी ग्राहक-नोंदीचं सॉफ्टवेअर: जून ते ऑक्टोबर २०२५ च्या प्रकल्प नोंदी

संगमनेरला आमचं ठिबक सिंचनाचं दुकान आहे. विक्री, जोडणी आणि नंतरची सर्व्हिस, तिन्ही आम्हीच करतो. फिरतीवर अकरा माणसं आहेत, सात फिटर आणि चार विक्रीचे. ऑफिसात बिलं, अनुदानाच्या फायली आणि तक्रारी मी बघते. फिरतीच्या माणसांसाठी नवीन सॉफ्टवेअर निवडायचं काम जूनमध्ये माझ्याकडे आलं. तेव्हापासून लिहिलेल्या या नोंदी थोड्या साफ करून इथे देते आहे. ज्यांची माणसं रेंज नसलेल्या गावांत फिरतात त्यांना उपयोगी पडतील.

२ जून, सोमवार

मागच्या आठवड्यात अकोले तालुक्यातल्या कोतूळ लाईनवरचे, म्हणजे आमच्या फिरतीच्या त्या मार्गावरचे, एक शेतकरी दुकानात आले. पाणी प्यायले, बसले आणि आवाज न चढवता म्हणाले, "ताई, तुमच्या माणसानं मोबाईलमध्ये लिहून घेतलं होतं. आठ दिवस झाले, कोणी फिरकलं नाही." त्यांच्या फिल्टरची जाळी फाटली होती. गाळ थेट नळ्यांत गेला आणि टोमॅटोच्या शेवटच्या ओळींचे ड्रिपर, म्हणजे थेंबथेंब पाणी सोडणारी तोंडं, चोक झाले. यंदा मोसमी पाऊस मेच्या शेवटच्या आठवड्यातच राज्यात आला म्हणून झाडं तगली, नाहीतर भरपाई आम्हालाच द्यावी लागली असती, आणि ती द्यायलाच हवी होती.

कॉम्प्युटरवर पाहिलं तर तक्रार नाही. फिटरला बोलावून त्याचा फोन पाहिला तर तक्रार आहे, फोटो आहे, आणि समोर हिरवी बरोबरची खूण आहे. म्हणजे फिटर खरं बोलत होता, शेतकरी खरं बोलत होते आणि माझी यादीही खरी होती. नोंद फोनवर साठली तरी हिरवी खूण, ऑफिसला पोचली तरी तीच. दीड वर्ष आम्ही या खुणेवर विसंबून काम केलं. अशा किती नोंदी मध्येच राहिल्या असतील, या विचाराने रात्री झोप लागली नाही.

शेठनी सांगितलं, नवीन बघा, पण दिवाळीच्या आत लागलं पाहिजे. रब्बीच्या जोडण्या सुरू झाल्या की कोणाला शिकायला वेळ मिळत नाही.

४ जून, बुधवार

सॉफ्टवेअर बघायच्या आधी लाईन बघायची ठरवली. आमच्या सर्वांत जुन्या फिटरला सगळे मामा म्हणतात. त्यांच्या गाडीवर मागे बसून दिवसभर फिरले.

अकोले तालुका एकच, पण खोरी तीन: प्रवरेचं, आढळेचं आणि मुळेचं. मधले डोंगर सिग्नल अडवतात. अकोल्यात रेंज नीट असते. डोंगर ओलांडून मुळेच्या अंगाला उतरलं की ती येते-जाते, आणि मळ्यांत-वस्त्यांवर बऱ्याच ठिकाणी नसतेच. सकाळी नऊपासून संध्याकाळी पाचपर्यंत मामांच्या फोनला एकूण चाळीसेक मिनिटं इंटरनेट मिळालं असेल, तेही तुकड्यातुकड्यांनी. आम्ही इतके दिवस "मधूनमधून रेंज जाते" असं धरून चाललो होतो. या लाईनवर उलटं आहे, मधूनमधून रेंज येते.

मामांच्या खिशात अजून वही आहे. नळीच्या बंडलाला जे प्लॅस्टिक येतं त्याच तुकड्यात गुंडाळलेली. लिहितात पेन्सिलीनं, कारण पाण्यात शाई पसरते. एका शेतकऱ्याचं पान मी उतरवून घेतलं: नाव, वस्ती, मोबाईल, गट नंबर, नळी १६ एमएम, ड्रिपरमधलं अंतर, फिल्टर कुठला, काय केलं, किती रुपये घेतले, पुन्हा कधी यायचं. खाली एक ओळ: "चिंचेपासून डावीकडे, पत्र्याचं घर, कुत्रं बांधून घ्यायला सांगणे."

आमच्या जुन्या ॲपमध्ये एकतीस रकाने आहेत आणि चिंचेला त्यांत जागा नाही. मामा म्हणाले, "ताई, मी आधी वहीत लिहितो, मग मोबाईलमध्ये. मोबाईल गेला तर वही आहे." कामाची माणसं दोनदा लिहितात याचा अर्थ त्यांनी सॉफ्टवेअरवरचा विश्वास सोडलेला आहे. नवीन सॉफ्टवेअर चांगलं की वाईट, हे मी या वहीवरून ठरवणार आहे.

११ जून, बुधवार

या आठवड्यात पाच कंपन्यांची प्रात्यक्षिकं पाहिली. "ऑफलाइन चालतं का?" असं विचारलं की सगळे "हो" म्हणतात. खोटं कोणी बोलत नाही, पण प्रत्येकाच्या मनातलं ऑफलाइन निराळं असतं.

एकाच्या मते ऑफलाइन म्हणजे शेवटी उघडलेले काही ग्राहक रेंज नसताना वाचता येतात. लिहिता येत नाही. दुसऱ्याकडे लिहिता येतं, पण आधीपासून असलेल्या ग्राहकावरच. नवीन ग्राहक उघडायला सर्व्हरकडून क्रमांक लागतो. तिसऱ्याकडे सगळं करता येतं, फक्त ॲप बंद करून पुन्हा उघडलं की ते लॉगिन मागतं आणि लॉगिनला इंटरनेट लागतं. मळ्यात फोन बंद पडून चालू झाला की माणूस दिवसभर बाहेर अडकला. चौथ्याकडे नोंद राहते पण फोटो राहत नाही. पाचव्याकडे सगळं ठीक वाटलं, पण शोध सर्व्हरवर चालतो, म्हणजे ग्राहक फोनमध्ये असूनही सापडत नाही.

हे कळलं ते एका साध्या गोष्टीमुळे. तिसऱ्या प्रात्यक्षिकापासून मी समोरच्याला म्हणायला लागले, "ॲप उघडायच्या आधी फोन फ्लाइट मोडवर टाका, मग दाखवा." कंपनीच्या वायफायवर उघडून मग रेंज बंद केली तर सगळीच ॲप्स छान दिसतात.

१७ जून, मंगळवार

पाचातली दोन चाचणीला घेतली. नावं लिहीत नाही, 'अ' आणि 'ब' म्हणू. दुकानातल्याच दोन जुन्या स्वस्त फोनवर टाकली, कारण आमच्या माणसांच्या हातात तसेच फोन आहेत. सकाळी फ्लाइट मोड, संध्याकाळी सहाला काढायचा. मध्ये साठ नोंदी करायच्या, त्यातल्या वीस फोटोसह. दोनदा ॲप जबरदस्तीनं बंद करायचं. एकदा फोन बंद-चालू. एकदा घड्याळ दोन तास मागे. आणि फोनची जागा व्हिडिओंनी जवळजवळ भरून ठेवायची, कारण प्रत्येकाच्या फोनची मेमरी लग्नाच्या व्हिडिओंनी भरलेलीच असते.

'अ' दुपारीच पडलं, फोन चालू केल्यावर लॉगिन मागितलं.

'ब' संध्याकाळपर्यंत टिकलं. साठच्या साठ नोंदी पोचल्या, पण वीसपैकी सात फोटो आलेच नाहीत. कसली सूचनाही नाही. माझ्या भाच्याने, तो पुण्यात ॲन्ड्रॉइडचं काम करतो, फोन पाहून कारण सांगितलं. ॲन्ड्रॉइडमध्ये ॲपला फाइली ठेवायला दोन जागा असतात. एक कायमची. दुसरी 'कॅश', म्हणजे तात्पुरती, आणि फोनची जागा संपत आली की ॲन्ड्रॉइड ती न विचारता रिकामी करतं. तसा नियमच आहे. 'ब'नं न पाठवलेले फोटो दुसऱ्या जागेत ठेवले होते. फाटलेल्या जाळीचा फोटो हा आमचा पुरावा असतो, कंपनीकडून जाळी बदलून मिळते ती त्याच्यावर. कंपनीला कळवलं आहे. "पुढच्या आवृत्तीत बघू" असं उत्तर आलं.

मेमरी भरून चाचणी घेतली नसती तर हे दिवाळीनंतर कळलं असतं.

२४ जून, मंगळवार

एक लहान पण महत्त्वाची गोष्ट. "रेंज आली की आपोआप जातं" या वाक्यावर विसंबायचं नाही. ॲन्ड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ पासून, फोन खिशात शांत पडला की पडद्यामागची कामं थोपवून धरतो. बॅटरी वाचवण्यासाठी. काही फोन-कंपन्या त्याहून कडक वागतात आणि ॲप झोपवूनच टाकतात. तेव्हा खिशातला फोन अकोल्याच्या स्टँडवरून गेला तरी नोंदी गेल्या असतीलच असं नाही.

म्हणून अट लिहिली: न पाठवलेल्या नोंदी वेगळ्या यादीत, आकड्यासह दिसल्या पाहिजेत आणि "पाठवा" असं ठळक बटण पाहिजे. शेतकऱ्यांना हे नवीन नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली, तेव्हापासून रानात फोटो काढायचा आणि गावात येऊन अपलोड करायचं हे त्यांच्या अंगवळणी पडलं आहे. आमच्या पोरांनाही पडेल.

३ जुलै, गुरुवार

आज दिवसभर एकाच प्रश्नावर बसले. मला वाटतं सगळ्या निवडीचा गाभा हाच आहे.

मामा सकाळी रेंज नसलेल्या वस्तीवर एका ग्राहकाचा मोबाईल नंबर बदलतात. त्याच दिवशी दुपारी मी ऑफिसात त्याच ग्राहकाची बाकी बदलते. संध्याकाळी मामांचा फोन अकोल्यात येतो आणि त्यांचं कार्ड सर्व्हरवर जातं. त्या कार्डावर बाकी सकाळचीच आहे. आता खरं काय?

बरीच सॉफ्टवेअर्स सोपा मार्ग घेतात: जे शेवटी आलं ते खरं. म्हणजे माझी बाकी पुसली जाते आणि कोणाला पत्ता लागत नाही. त्यातही 'शेवटी' कोण हे फोनच्या घड्याळावरून ठरत असेल तर आणखी वाईट. चाचणीत दोन तास मागे लावलेल्या फोनची नवी नोंद ऑफिसला पोचली खरी, पण 'ब'नं ती जुनी समजून बाजूला टाकली. काही व्यवस्था हे नीट हाताळतात. अपाचेची काउचडीबी ही डेटाबेस २००५ पासून आहे. तिची रचनाच अशी की दोन्ही प्रती जपून ठेवते, तात्पुरती एक पुढे धरते आणि हरलेली प्रत फेकत नाही, माणसाला नंतर बघता येते. फोनमध्ये बहुतेक ॲप्स माहिती एसक्यूलाइटमध्ये ठेवतात. तीही भरवशाची गोष्ट आहे, २००० सालापासून चालत आलेली. तेव्हा साठवण्यात अडचण फारशी नाही. दोन प्रती एकमेकींना भेटतात तिथे घोळ होतो.

संध्याकाळी खतावणी लिहिताना उत्तर समोरच दिसलं. खतावणीत आपण बाकीचा आकडा कधी खोडून नवीन लिहितो का? नाही. रोजकीर्दीत "अमक्याकडून जमा इतके" अशी नोंद करतो आणि बाकी त्यातून निघते. दोन मुनीम दोन गावांत बसून दोन नोंदी लिहोत, नंतर एकत्र केल्या तरी हिशोब चुकत नाही, कारण कोणी कोणाचं पुसलेलं नसतं.

तेच इथे करायचं. फिरतीच्या माणसानं ग्राहकाचं कार्ड बदलायचं नाही, भेटीची नोंद करायची. "आज गेलो, हे केलं, इतके घेतले, पुन्हा अमक्या तारखेला." प्रत्येक भेट स्वतंत्र. बाकी फोनवर फक्त दिसेल, बदलता येणार नाही. कार्डावर बदलता येण्याजोगं दोनच: मोबाईल नंबर आणि घराची खूण. तिथे दोन बदल आपटले तर सॉफ्टवेअरनं स्वतः निवाडा करायचा नाही, मला दाखवायचं.

याला जोडूनच ग्राहक क्रमांक. दोन फोन रेंजबाहेर असताना दोघेही पुढचा म्हणून ४३१२ देणार. क्रमांक फोनवरच बनला पाहिजे आणि जगात दुसरा तसा असता कामा नये. चांगली सॉफ्टवेअर्स आतून लांबलचक यादृच्छिक ओळखक्रमांक देतात. माणसांसाठी आम्ही लाईनचं अक्षर लावणार, 'को-१७', 'सा-१७'.

७ जुलै, सोमवार

काल आषाढी होती. अर्धी माणसं पंढरपूरहून परतायची आहेत. काम नाही.

९ जुलै, बुधवार

'ब'मध्ये 'बोऱ्हाडे' शोधलं तर सापडले नाहीत. यादीत खाली सरकत गेले तर आहेत! पुन्हा शोधलं, पुन्हा नाहीत.

कारण कळल्यावर मी थक्क झाले. हे आडनाव दोन फोनवर दोन तऱ्हांनी टाइप होतं. एका कीबोर्डवर 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर, त्याचा पाय मोडून पुढे 'ह'. दुसऱ्यावर साधा 'र', पाय मोडलेला, मग एक न दिसणारं जोडचिन्ह, मग 'ह'. पडद्यावर दोन्ही हुबेहूब तशीच दिसतात, पण कॉम्प्युटरला ते दोन निरनिराळे शब्द. 'ॲग्रो'चंही तसंच. 'ॲ' हे अखंड अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधीच्या सवयीनं काहीजण 'अ'वर चंद्र देतात. दिसायला तेच, शोधायला वेगळं.

म्हणजे एकाच माणसाची दोन कार्डं होतात, एकावर उधारी, दुसऱ्यावर सर्व्हिस. बोऱ्हाडे, तऱ्हा, दऱ्या, पायऱ्या, हे तर आपल्या भाषेत पावलोपावली आहे. मराठीत चालतं असं म्हणणाऱ्या एकाही कंपनीनं हा विचार केलेला दिसला नाही, आणि याचं मला खरंच वाईट वाटलं. मराठी म्हणजे बटणांवरची नावं बदलणं एवढंच त्यांनी धरलं.

आमचा उपाय: नावावर शोधायचंच नाही. आधी गाव, मग वस्ती, मग तिथल्या पंधरा-वीस जणांतून निवड. किंवा मोबाईलचे शेवटचे चार आकडे. मामा म्हणाले, "आम्ही तरी नावानं कुठं ओळखतो ताई, वस्तीवरनंच ओळखतो."

२२ जुलै, मंगळवार

आता नावं घेऊन. 'ब' सोडलं. तयार विक्री-सॉफ्टवेअर्सकडे एक नजर टाकली. सेल्सफोर्सचं फील्ड सर्व्हिस ॲप ऑफलाइन धरूनच बांधलेलं आहे, पण अकरा माणसांच्या दुकानाचा तो घास नाही. ईआरपीनेक्स्ट हे मुंबईच्या फ्रॅपेचं, मुक्त स्रोत, ऑफिसच्या कामाला मला फार आवडलं, पण ते मुळात ब्राउझरमध्ये चालतं, आणि आपला प्रश्न मळ्यातला आहे.

मग भाच्यानं दुसऱ्याच दिशेला बोट दाखवलं. रेंज नसताना नोंदी घ्यायचं काम विक्रीवाल्यांच्या कितीतरी आधी आरोग्यवाल्यांनी केलं आहे. घरोघर फिरणारी कार्यकर्ती, तीच कुटुंबं, दर महिन्याला पुन्हा भेट. आपलं काम याहून वेगळं कुठे आहे? पोषण अभियानात अंगणवाडी सेविकांना आयसीडीएस-कॅस नावाचं ॲप दिलं होतं, ते डिमॅगी कंपनीच्या कॉमकेअरवर उभं होतं. मामींनीही, त्या सेविका आहेत, ते वापरलेलं. त्यांनी अर्ध्या तासात मला समजावलं की घराची यादी फोनमध्येच असायची, भेट भरली की पुढची तारीख त्यावर लागायची. हे कोणत्याही विक्रेत्याच्या प्रात्यक्षिकापेक्षा जास्त कामाचं होतं.

सध्या समोर दोन आहेत: कॉमकेअर आणि ओडीके. ओडीकेचं काम २००८ मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठात सुरू झालं. मुक्त स्रोत आहे. फोनवर 'कलेक्ट' हे ॲप, ऑफिसकडे 'सेंट्रल' हा सर्व्हर. फॉर्म चक्क एक्सेलमध्ये बनवता येतो, प्रश्न मराठीत लिहून. मला एक्सेल येतं, त्यामुळे रकाना काढायला-घालायला कंपनीच्या मागे लागायला नको. आधी त्यात नोंदी नुसत्या गोळा व्हायच्या. आता 'एंटिटी' म्हणून सोय आहे, म्हणजे ग्राहकांची यादी फोनवर जाते, रेंजबाहेर नवा ग्राहक नोंदला तर त्याच फोनवर पुढच्या भेटीसाठी तो लगेच निवडता येतो, आणि एकाच कार्डावर दोन बदल समोरासमोर आले तर सेंट्रल त्यावर खूण करून माणसाला तपासायला सांगतं. ३ जुलैला मी जे मागत होते तेच.

उणिवाही लिहून ठेवते. हे फॉर्मचं साधन आहे. विक्रीचे टप्पे, कॉल, कोटेशन यातलं काही त्यात तयार मिळत नाही. बिलं टॅलीतच राहतील. सर्व्हर आपल्याला सांभाळावा लागेल किंवा त्यांची पैसे देऊन मिळणारी सेवा घ्यावी लागेल. शेठना मी सांगितलं, विक्रीचे चौघं संध्याकाळी ऑफिसला येतातच, त्यांचे टप्पे ऑफिसात लिहू. मळ्यातली नोंद तेवढी पक्की पाहिजे.

६ ऑगस्ट, बुधवार

फोन हरवला तर? हा प्रश्न सुरुवातीलाच विचारायला हवा होता.

ठिबकच्या अनुदानाची फाइल म्हणजे सातबारा, आधार, बँक पासबुक. अल्प-अत्यल्प भूधारकाला केंद्राच्या योजनेत ५५ टक्के, राज्याचं पूरक धरून ८० पर्यंत. इतरांना ४५ आणि ७५. ही रक्कम मोठी आहे, म्हणून शेतकरी मागाल तो कागद देतात. आज तपासलं तर सातही फिटरांच्या व्हॉट्सॲपमध्ये लोकांच्या पासबुकांचे फोटो पडलेले, काही तीन वर्षांपूर्वीचे. त्या माणसांनी आपल्यावर विश्वासानं दिलेले कागद असे गॅलरीत लोळणं बरोबर नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याला ११ ऑगस्ट २०२३ ला राष्ट्रपतींची संमती मिळाली आहे, नियम त्या वेळी अजून मसुद्यातच होते. पण त्याची वाट कशाला बघायची?

ठरलं: फिरतीच्या फॉर्ममध्ये आधार आणि पासबुक नाहीच. कागद ऑफिसला आणायचे, महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर चढवायचे, परत द्यायचे. फोनवर फक्त आपल्या लाईनचे ग्राहक. प्रत्येक फोनला पडद्याचं कुलूप. फोन हरवला की सेंट्रलवरून त्या फोनचा प्रवेश मी तिथल्या तिथे बंद करू शकते. न पाठवलेल्या नोंदी मात्र फोनबरोबर जातील, म्हणून रोज संध्याकाळी पाठवल्याशिवाय घरी जायचं नाही. सातही जणांकडून जुने फोटो माझ्यासमोर पुसून घेतले.

२० ऑगस्ट, बुधवार

तीन फोनवर ओडीकेची प्रत्यक्ष सुरुवात केली: कोतूळ, समशेरपूर आणि साकूर लाईन. कॉमकेअर मागे ठेवलं, कारण एक्सेलमधला फॉर्म मला स्वतःला हाताळता येतो.

पहिल्याच दिवशी तक्रार आली की ठिकाण लागत नाही. जीपीएसला इंटरनेट लागत नाही हे खरं. पण रेंज असताना फोनला उपग्रहांची माहिती नेटवरून पटकन मिळते. नसताना ती उपग्रहाकडूनच ऐकावी लागते आणि ती सावकाश येते. पूर्ण संदेश एकदा ऐकायला साडेबारा मिनिटं लागतात, पहिलं ठिकाण लागायला मात्र उघड्यावर बहुतेकदा मिनिटभर पुरतं. पोरं पत्र्याखाली उभी राहून बटण दाबत होती. आता नियम: विहिरीजवळ किंवा फिल्टरजवळ, उघड्यावर, आधी ठिकाणाचं बटण, मग बाकीचं लिहायचं. एकदा लागलं की पुढच्या भेटीला विचारायचंच नाही.

११ सप्टेंबर, गुरुवार

तीन आठवड्यांत फॉर्म चार वेळा बदलला. एकतीस रकान्यांचे बारा झाले. मामांच्या वहीत जे नव्हतं ते एकेक करून काढलं आणि 'घराची खूण' घातली.

जास्त वेळ गेला तो शब्दांवर. तक्रारीच्या यादीत मी कंपनीच्या पुस्तकातले शब्द टाकले होते, "उत्सर्जक अवरोध", "दाब असमानता". कोणी ते निवडेना, सगळे "इतर" निवडून खाली लिहीत. मग त्यांनी "इतर"मध्ये काय लिहिलंय ते वाचलं आणि तेच पर्याय केले: शेवटाला पाणी जात नाही. ड्रिपर चोक झाले. नळीला पांढरं धरलंय. फिल्टर लवकर भरतो. उंदरानं नळी कातरली. ग्रोमेटजवळ गळतंय. आता "इतर" क्वचितच येतं, आणि "नळीला पांढरं धरलंय" म्हटलं की ऑफिसला कळतं, पाणी जड आहे, ॲसिड ट्रीटमेंटचं सामान घेऊन जायचं. याआधी ते दुसऱ्या फेरीत कळायचं.

२५ सप्टेंबर, गुरुवार

पाऊस थांबायचं नाव घेत नाही. मुळेच्या खोऱ्यात चार दिवस वीज नव्हती, टॉवरही बंद. मामा तिकडेच पाहुण्यांकडे अडकले होते, पण जमेल तिथे जाऊन वाहून गेलेल्या नळ्या आणि पाण्यात बुडालेले फिल्टर नोंदवत होते. फोन ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चार्ज केला.

आज दुपारी अकोल्याहून फोन आला. "ताई, पाठवा दाबलंय. सत्तावन्न दाखवत होतं, आता शून्य दाखवतंय. तुझ्याकडं किती?" मी मोजल्या. सत्तावन्न. फोटो एकशे तीन, त्यांच्याकडेही एकशे तीन. दोघांनी एकेक गाव वाचून ताडून पाहिलं. मला भरून आलं होतं, पण त्यांना पुढच्या वस्तीवर जायचं होतं म्हणून फोन ठेवला.

४ ऑक्टोबर, शनिवार

दसऱ्याला उरलेल्या आठ फोनवरही टाकलं. शेठनी मंजुरी दिली, सर्व्हरची वर्षाची तजवीज झाली.

काल सेंट्रलवर पहिला वाद दिसला. साकूर लाईनच्या एका ग्राहकाच्या कार्डावर फिटरनं नवीन मोबाईल नंबर लिहिला होता, आणि त्याच दिवशी विक्रीच्या मुलानं, तोही रेंजबाहेर, वेगळाच नंबर. जुन्या ॲपनं एक गुपचूप पुसला असता. इथे कार्डावर खूण आली आणि दोन्ही नंबर समोर होते. पहिल्यावर फोन लावला तर घरातल्या सूनबाई बोलल्या, दुसऱ्यावर स्वतः शेतकरी. "दोन्ही आमचेच," ते म्हणाले, "पण पाण्याचं काही असलं तर तिलाच लावत जा, मोटर तीच चालू करते." फॉर्ममध्ये दुसऱ्या नंबरला जागा नव्हती. आज ती केली, शेजारी छोटा रकाना: "पाणी कोण सोडतं?"

राहिलेलं: जुन्या वह्यांतून साडेचारशे ग्राहक अजून चढवायचे आहेत. 'ऱ्ह'ची दुहेरी कार्डं बत्तीस सापडली, ती जोडायची आहेत. समशेरपूरच्या फोनची बॅटरी फुगली आहे, सोमवारी बदलायची. मामांनी वही अजून सोडलेली नाही. मी विचारलंही नाही.